टाकीवरचं कुंकू

रविवारी सकाळी सव्वासातला हावडा पुलाच्या मध्यावर वृंदाची मोटरसायकल बंद पडली. दसऱ्यापासून हे असंच चाललं होतं.

"नको ना गं बाई... आज तरी नको," ती टाकीवर थोपटत म्हणाली.

मागून ट्रामवाल्याने घंटा बडवत बाजूला व्हायला सांगितलं. "शोरुन दिदी, शोरुन."

"गाडीला मराठी कळतं?"

तिने वळून पाहिलं. एक सावळा, उंच तरुण उभा होता. बाह्या आधीच दुमडलेल्या.

"माझ्यापेक्षा बरं कळतं. मी इथलीच, कलकत्त्याची. तुम्हाला गाडीतलं कळतं?"

"गार्डन रीचला रेल्वेत इंजिनियर आहे. नागपूरहून महिन्यापूर्वीच बदली झाली. मनोहर."

"ही आगगाडी नाहीये."

"म्हणून तर सोपी."

वृंदाला हसू आलं, पण जीव टांगणीला होता. उद्यापासून तिला पुलापलीकडच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. वडील श्यामकांत यांचं म्हणणं, बसला लोंबकळत जायचं नाही; आपली जुनी गाडी धड चालली तरच जा. आज शाळेपर्यंत जाऊन ये. ढकलत आणलीस तर गाडी दलालाकडे, आणि नोकरी विसर. शाळा गाठून झाली होती. परतीची वाट बाकी होती.

मनोहरने टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. अर्धी टाकी होती. मग कार्बुरेटर खोलला, त्यातलं बारीक भोकाचं पितळी जेट काढलं आणि गाल फुगवून त्यातून फुंकर मारली. सगळं जोडून किक मारली, आणि गाडी सुरू झाली.

"कचरा होता."

"दिसला?"

"फुंकल्यावर कसा दिसेल?"

"मग चला माझ्या घरापर्यंत, बागबाजारला. मध्येच बंद पडली तर जबाबदारी तुमची."

तो मागे बसला, पण इतका अंग चोरून की पहिल्याच वळणावर घसरला.

"पडाल हं."

"धरू कुठे?"

"सीटला... सीटलाच."

नदीकाठचा वारा, तिच्या वेणीचं टोक अधूनमधून त्याच्या कानाशी... आणि शोभाबाजारच्या घाटाशी गाडी दोनदा खोकून गप्प झाली.

सवयीने त्याचा हात झाकणाकडे गेला. वृंदाने मनगट धरलं. "थांबा. आधी खालची वाटी उघडा."

मनगट अजून तिच्या हातात होतं. दोघांच्याही ते जरा उशिरा लक्षात आलं.

त्याने कार्बुरेटरची वाटी उघडली. कोरडी. वर अर्धी टाकी पेट्रोल, खाली थेंब नाही.

"दर वेळी आपण आधी झाकण उघडतो," वृंदा सावकाश म्हणाली, "मग कार्बुरेटर साफ करतो. आणि शाबासकी घेतं कोण?"

"मी," मनोहर म्हणाला.

तिने झाकण हळूच फिरवलं. सुस्स... टाकीने श्वास घेतला. पेट्रोल उतरायचं तर वरून हवा आत शिरायला हवी. त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं, आणि ते लालभडक बुजलं होतं. दसऱ्याला आईने गाडीची पूजा केली होती. ओलं कुंकू, अगदी मधोमध.

वृंदाने केसांतला आकडा काढून भोक मोकळं केलं. मनोहरने अंगठ्याने झाकण पुसलं. अंगठा लाल झाला.

"हे कुठे पुसू?"

"रुमालाला." तिने किकवर पाय ठेवला, मान मात्र वर केली नाही. "दुसरीकडे नको... इतक्यात."

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. बागबाजारचं घर आलं तरी वृंदा थांबली नाही. गल्लीला तीन फेऱ्या मारल्या. श्यामकांत दात घासायचे थांबून गॅलरीत आले आणि तिसऱ्या फेरीला म्हणाले, "पुरे. जा उद्या शाळेत. मागे कोण आहे?"

सोमवारी सकाळी सातच्या सुमाराला वृंदा हावडा पुलावर पोचली. मध्यावर मनोहर उभा होता. त्याचं ऑफिस अगदी उलट्या दिशेला. गाडी बंद पडली नव्हती. वृंदानेच ती थांबवली.

रुमाल धुतला की नाही, हे अजून कळलेलं नाही.