उसनं वजन

डॉ. ललिता कुसराम पहाटेची पहिली गाडी पकडून गडचिरोली जिल्ह्यातून नागपूरला आल्या होत्या. दुवा-विश्लेषण प्रयोगशाळेच्या बैठकीच्या खोलीत त्यांच्यापुढे ठेवलेल्या चहावर साय धरली होती. वय असेल बत्तीस-तेहेतीस. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या त्या एकट्या डॉक्टर. समोर प्रयोगशाळेचे संचालक डॉ. फिरोज मुजावर होते आणि त्यांच्या शेजारी मुख्य दुवातज्ज्ञ रेवती दुधगावकर.

"ज्योती मडावी," डॉ. कुसराम म्हणाल्या. "चोवीस वर्षांची. सातवा महिना होता. डोळे पिवळे दिसले म्हणून तिच्या नवऱ्यानं सारथीला विचारलं. सारथी म्हणाला, रानदोडक्याचा रस नाकात सोडा, सात दिवस पथ्य पाळा, कावीळ उतरते. तो सात दिवस थांबला. आठव्या दिवशी माझ्याकडे आणली, तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. दोघंही गेली, ती आणि पोटातलं."

डॉ. कुसराम यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"या पावसाळ्यात असे माझ्याकडे अकरा जण आले. सगळ्यांनी हेच केलेलं. मी तीनदा तक्रार पाठवली. 'नोंद घेतली' एवढंच उत्तर आलं."

सारथी हे २०५० सालचं सरकारी उत्तरयंत्र. जुनी शोधयंत्रं एका प्रश्नाला इंटरनेटवरच्या हजार पानांची यादी पुढे टाकत आणि निवड माणसावर सोडत. सारथी एकच उत्तर देई, तेही विचारणाऱ्याच्या बोलीत, गोंडीत, वऱ्हाडीत, अहिराणीत. जिथे डॉक्टर पोचला नव्हता तिथेही तो पोचला होता.

"वैद्यकाच्या पुस्तकांत खरं काय ते लिहिलेलं आहे," डॉ. कुसराम म्हणाल्या. "हे यंत्र ती वाचत नाही का?"

"सगळं वाचतं," मुजावर म्हणाले. "पण वाचून खरं-खोटं त्याला कळत नाही. तुम्हाला नव्या गावात सुतार हवा असेल तर काय करता? चार जणांना विचारता. सारथी तेच करतो. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे गेलेला दुवा म्हणजे शिफारस. शिफारस करणाऱ्याला वजन असेल तर तिलाही वजन. आणि त्याला ते कुठून आलं? त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्यांकडून. असं मागे मागे जात आपण थोड्याशा मूळ संस्थांपाशी पोचतो. विद्यापीठं, वैद्यकीय महाविद्यालयं, मोठी ग्रंथालयं. विश्वास तिथून निघतो आणि दुव्यादुव्यानं खाली झिरपतो. कुणी दुवा का जोडला, हे यंत्र बघत नाही. ते फक्त मोजतं."

"आणि कुणी खोट्याच शिफारशी केल्या तर?"

"त्या हुडकायला रेवती आहे. डॉक्टर, तुम्ही कॉलेजात 'दुव्यांविषयी नेहमीचे पंचवीस प्रश्न' वाचले असतील. ते हिनंच लिहिलेले."

डॉ. कुसराम यांनी पहिल्यांदाच रेवतीकडे नीट पाहिलं. "वाचले होते," त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला सापडेल."

सापडायला वीस मिनिटंही लागली नाहीत. आपल्या जागेवर येऊन रेवतीनं काविळीच्या उत्तराचा माग काढायला घेतला. पडद्यावर विश्वासाच्या रेषा उलट्या दिशेनं सरकू लागल्या आणि एका जुन्या पानाशी येऊन थांबल्या. 'पीतहर थेंब'. पानावर पितळी वाटीचं चित्र होतं, वाटीत रानदोडक्याचा हिरवट रस. ती वाटी तिच्या आईची होती. चित्र तिनंच काढलं होतं, अकोल्यातल्या एका गाळ्यात, खिडकीपाशी स्टूल ठेवून.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. शोधयंत्रांच्या यादीत पानं वर आणून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत तिची पहिली नोकरी. मालकानं सांगितलं, हे थेंब कावीळ शोधणाऱ्याला पहिले दिसले पाहिजेत. रेवती हुशार होती. तिनं चारशे बारा संकेतस्थळं उभी केली. कुठे पाककृती, कुठे गावच्या देवळाची माहिती, कुठे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं मंडळ; सगळी खोटी, सगळी एकमेकांना आणि थेंबांना दुवे देणारी. पण पोकळ पानांच्या शिफारशीला वजन नसतं. ते आणायला तिनं एक युक्ती काढली. एक धर्मादाय रुग्णालय बंद पडलं होतं, त्याच्या संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपली होती. ते नाव तिनं स्वतःकडे घेतलं. वैद्यकीय महाविद्यालयांनी त्या रुग्णालयाला वर्षानुवर्षं दिलेले दुवे तसेच होते. ते सगळे आता तिच्या जाळ्यात येऊन पडू लागले. पंधरा दिवसांत थेंब पहिल्या क्रमांकावर आले. मालकानं पेढे वाटले होते. तिनं दोन खाल्ले होते.

पुढे कंपनी बुडाली, थेंब विकणारा गेला. जाळं मात्र जुन्या पानांच्या संग्रहात जसंच्या तसं राहिलं आणि सारथीला विश्वासाचे पहिले धडे दिले गेले ते त्याच संग्रहातून.

मुजावर दारात येऊन उभे राहिले. "काही लागतंय हाताला?"

"गुंता आहे, सर," ती म्हणाली. "दोन दिवस द्या." आवाज नेहमीसारखाच निघाला. तो तसा निघाला याचीच तिला किळस आली.

ते गेल्यावर तिनं काम सुरू केलं. दुरुस्तीची पद्धत साधी होती. उत्तर चुकलं आहे एवढं सांगून भागत नसे; खोटे दुवे एकेक करून दाखवायचे आणि खाली वजनदार माणसानं सही करायची. तिनं चारशे बाराही संकेतस्थळं यादीत घातली. ती यादी आठवून लिहिता आली असती इतकी पाठ होती. दुपारी बारा वाजता तिनं सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : 'कृत्रिम दुवे आढळले.' सारथीचं उत्तर क्षणात बदललं : ताबडतोब दवाखान्यात जा, गरोदर असाल तर एक तासही थांबू नका. रेवतीनं डोळे मिटून घेतले. संपलं, कुणाला कळलं नाही, असं तिला वाटलं. आणि तसं वाटल्याबद्दल तिचे कान तापले.

सारथी दर सहा तासांनी सगळ्यांची वजनं नव्यानं मोजत असे. संध्याकाळी सहाला मोजणी झाली आणि उत्तर पुन्हा बदललं. रानदोडक्याचा रस, सात दिवस पथ्य.

पडद्यावर एक ओळ होती : 'दुरुस्ती रद्द. सही करणाऱ्या व्यक्तीचं वजन अपुरं.'

तिला आधी ती ओळ कळलीच नाही. महाराष्ट्रात दुव्यांच्या बाबतीत तिच्याइतकं वजन कुणाला नव्हतं. मग तिनं स्वतःच्याच नावाचा माग काढला आणि खुर्चीत मागे टेकली.

अकोल्यातली नोकरी सोडायच्या आधी तिनं आणखी एक गोष्ट केली होती. ते पंचवीस प्रश्न लिहून झाले होते, पण कुणी वाचत नव्हतं. तेव्हा जाताजाता तिनं त्या चारशे बारा संकेतस्थळांवरून आपल्या पानाकडे एकेक दुवा सोडला. दुवे विकत घ्यावेत का? नाही. बंद पडलेल्या संकेतस्थळाचं नाव वापरावं का? तो वाचकाचा विश्वासघात आहे. अशी उत्तरं देणारं पान त्याच जाळ्याच्या खांद्यावर बसून वर आलं. मग खऱ्या माणसांनी ते वाचलं, परिषदांनी तिला बोलावलं, या प्रयोगशाळेनं नोकरी दिली. हे दुवे खरे होते. पण त्या परिषदांना आणि या प्रयोगशाळेला वजन मिळालं होतं ते तिच्याकडून. मूळ संस्थांपर्यंत पोचणारी वाट एकच, त्या बंद रुग्णालयाच्या नावातून जाणारी. जाळं कापलं की ती शून्यावर येत होती, आणि शून्याच्या सहीनं जाळं कापता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुजावरांच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. मुजावर तिला बावीस वर्षं ओळखत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

"काल माझ्याशी खोटं बोललीस तू."

"हो, सर."

"सही मी करतो. आधी बायकांचे जीव वाचू देत, तुझं मग बघू."

त्यांनी दुरुस्तीचं कच्चं गणित करून पाहिलं. पडद्यावर तीच ओळ आली. त्यांनी प्रयोगशाळेतल्या बाकीच्या नऊ जणांची नावं घालून पाहिली. दहाव्या वेळी ते थांबले.

"आपण सगळे तुझ्यामुळेच वर आलोय," ते हळूच म्हणाले. "मीसुद्धा."

"जिचं वजन जाळ्यातून आलेलं नाही अशी, या तक्रारीशी संबंधित, एकच व्यक्ती मला सापडली," रेवती म्हणाली. "डॉ. कुसराम. त्यांच्या महाविद्यालयाच्या यादीत त्यांचं नाव आहे. एकच दुवा, पण थेट मूळ संस्थेचा. जाळं कापल्यावरही तो तेवढाच राहतो."

"मग त्यांना बोलाव."

"बोलवायला नको. मीच जाते."

आरोग्य केंद्राच्या ओसरीवर बाया तपासणीसाठी बसल्या होत्या. डॉ. कुसराम यांनी हातातलं काम संपवलं आणि रेवतीला आतल्या खोलीत नेलं. गाडीत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

"ते पान मी वर आणलं होतं," ती म्हणाली. "काल तुम्ही ज्योतीबद्दल सांगितलंत, त्यानंतर वीस मिनिटांत मला कळलं होतं. मी गुपचूप काढून टाकायला गेले. ते माझ्या सहीनं होत नाही म्हणून आलेय. झालं असतं तर आले नसते."

डॉ. कुसराम यांनी यादीसाठी हात पुढे केला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझी सही चालेल?"

"तुमचीच चालेल."

त्यांनी दुरुस्तीची यादी वाचली आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे उत्तरासोबत दिसतं ना? कावीळ विचारणाऱ्या प्रत्येकाला?"

"हो."

"कृत्रिम दुवे आढळले. कुणाला आढळले? कुणी केले होते?"

रेवतीनं ते खोडलं आणि लिहिलं : 'एका कंपनीनं तयार केलेले खोटे दुवे.'

"कंपनीला हात असतात का?" डॉ. कुसराम म्हणाल्या. "मला ज्योतीच्या नवऱ्याला काहीतरी सांगायचंय, मॅडम. तो आजही म्हणतो, मीच चुकलो."

तिसऱ्यांदा लिहिताना रेवतीला अक्षरं नीट दिसत नव्हती. 'हे खोटे दुवे मी, रेवती दुधगावकर हिनं, थेंबांची जाहिरात म्हणून तयार केले होते. आधीच्या उत्तरावर विश्वास ठेवणाऱ्यांची काहीही चूक नव्हती.' डॉ. कुसराम यांनी सही केली. संध्याकाळी सहाला मोजणी झाली. रेवती दुधगावकर : शून्य. उत्तर टिकलं.

तिनं राजीनामा दिला. मुजावरांनी तो घेतला. ती अकोल्याला भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायला गेली. वर्तमानपत्रांत तिचं नाव येत राहिलं, वाहिन्यांवर चर्चा झाल्या. भाजी आणायला ती लांबच्या बाजारात जाऊ लागली.

पाच महिन्यांनी एका सकाळी फोन वाजला. धारणीकडचा कुणी माणूस होता. त्याच्या वडिलांना कावीळ झाली होती, पथ्य काय ते त्याला विचारायचं होतं.

"तुम्हाला हा नंबर कुणी दिला?"

"सारथीनं. म्हणाला, आणखी विचारायचं असंल तर काविळीवर सगळ्यात जास्त भरवशाचं माणूस तुम्ही."

रेवतीनं त्याला दवाखान्यात पाठवलं, फोन ठेवला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा दुव्यांचा नकाशा उघडला. तिच्या कबुलीकडे सहा लाखांवर दुवे आले होते. वर्तमानपत्रांनी बातमीत जोडले होते, लोकांनी शिव्या देताना जोडले होते. विद्यापीठांनी अभ्यासक्रमात घेतले होते, फसवणूक कशी असते ते शिकवायला. वैद्यकीय महाविद्यालयांनी तर थेट पहिल्याच पानावरून दिले होते, विद्यार्थ्यांना सावध करायला. कबुलीत तिचं नाव होतं आणि कावीळ होती, म्हणून ते सगळं वजन त्या दोन शब्दांवर उतरलं होतं. ते आता तिच्या जुन्या वजनाच्या चौपट झालं होतं.

तिनं दुवे तपासायला घेतले. कापता येईल असा एखादा तरी मिळेल म्हणून ती तासभर शोधत राहिली. सगळे खरे होते. ज्यानं ज्यानं तिच्याकडे बोट दाखवलं होतं, त्यानं मनापासून दाखवलं होतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी एक बाई होती, घाबरलेली.

"मॅडम, माझ्या सुनेचे डोळे पिवळे झालेत. आठवा महिना चालू आहे. गावातले म्हणतात नाकात थेंब सोडा. सारथी म्हणतो दवाखान्यात जा. म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुम्ही मोठ्या डॉक्टर ना?"

"मी डॉक्टर नाही," रेवती म्हणाली. "ते थेंब सगळीकडे पोचवणारी मीच. माझ्यामुळे तुमच्या सुनेसारखी एक मुलगी गेली. म्हणून माझं नाव तिथे आहे."



"मग आता ऐकू कुणाचं?" ती बाई म्हणाली.

"घरात गाडी आहे का? शेजारी कुणाकडे?"

"आहे, पुतण्याची."

"त्याला हाक मारा. तालुक्याचं सरकारी रुग्णालय. आत्ता, या मिनिटाला. फोन ठेवू नका, मी बोलत राहते तुमच्याशी."

पुतण्याला मारलेल्या हाका रेवतीनं ऐकल्या, दार आपटलेलं ऐकलं, सुनेला धरून चालवताना कुणीतरी "सावकाश, सावकाश" म्हणत होतं तेही ऐकलं. गाडी सुरू झाली. त्या आवाजातूनही ती बाई मध्येमध्ये विचारत होती, "मॅडम, आहात ना?" आणि रेवती दर वेळी सांगत होती, आहे.