दरीतून आलेल्याचे पाय

मुळात आमचं ठरलं होतं वेरूळला जायचं. पण ऋतुराजला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सरळ रस्त्याचं वावडं आहे. कन्नडच्या पुढची दरी उतरायची आणि वरच्या लॉजवर मुक्काम करायचा, असा बेत त्यानं परस्पर केला. लॉज कसला, मातीच्या भिंती, पत्र्याचं छप्पर आणि चुलीचा धूर. दरी चढून दमून वर आलो, तर साहेबांना आठवलं की मोबाइल खाली झऱ्याजवळच राहिला. गेला परत. मी ओसरीवर एकटी चरफडत बसले.

लॉज चालवणाऱ्या साळूबाईंनी माझे पाय आधीच धुवायला लावले होते. आता त्यांनी उंबऱ्याबाहेर पुन्हा बादली भरून ठेवली.

"ताई, मालक आले की पाय धुतल्याबगर आत घिऊ नका. आन 'ये' बी म्हनू नका. दरीतनं आलेलं मानूस पाय धुतं आन आपल्या पायानं आत येतं. ज्याला बोलवावं लागतं ते आपलं नसतंय."

पाहुण्यांना असं काहीतरी सांगावंच लागत असेल. मी मान डोलावली.

दिवेलागण झाली. दरीतून वटवाघळांच्या गुहेसारखा कुबट वास वर आला आणि रातकिडे एकदम गप्प झाले. तेवढ्यात तो आला. बादलीपाशी नुसता उभा राहिला, पाण्याला हात लावेना. माझा पारा आधीच चढलेला.

"पुरे झाली नाटकं. राहू दे पाय. ये आत."

तो आला, मांडलेल्या ताटापुढे पाटावर बसला. मी तोंडाचा पट्टा सुरू केला. एरवी माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, आज मुकाट्यानं ऐकत होता. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

साळूबाई भाकरी घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. बाहेरची बादली काठोकाठ भरलेली होती.

"पाय...?"

"मीच नको म्हटलं, मावशी."

त्यांनी भाकरी वाढली नाही. बाहेर तांब्या वाजला. कुणीतरी पायांवर पाणी ओतत होतं.

"मेघा, टॉवेल दे गं. मोबाइल नाही सापडला. आता भाषण नको देऊस."

तो वैतागलेला आवाज मी झोपेतही ओळखेन. समोर पाहिलं, तर हा ताटातल्या ठेच्यात बोट फिरवत होता.

साळूबाई कानाशी कुजबुजल्या, "नाव घिऊ नका... जो ओ दील, नाव त्याचंच हुतंय. त्यांचं त्यांना येऊ द्या..."

पण भीतीनं माझ्या तोंडून गेलंच, "ऋतुराज..."

"ओ," पाटावरचा म्हणाला.

बाहेरचं पाणी थांबलं. मी धावत अंगणात गेले. कुणी नव्हतं. पायरीवर ओली पावलं होती, उंबऱ्यापर्यंत आलेली. परत गेलेलं एकही नव्हतं.

सकाळी साळूबाईंचा भाऊ कडुबा झऱ्यापर्यंत जाऊन हात हलवत परत आला. पोलिसांत जाऊन तरी काय सांगणार? नवरा तर माझ्या शेजारीच उभा होता, बॅग उचलून.

आता घरी सासूबाई खूश आहेत. म्हणतात, डोंगरानं पोराला शहाणं केलं, उलट उत्तर नाही की आदळआपट नाही. मला मात्र त्याच्या त्या उलट उत्तरांसाठी रडू येतं. रोज संध्याकाळी त्या त्याला नावानं हाक मारून जेवायला बोलावतात आणि तो "ओ" देतो. मी ते नाव अजून घेतलेलं नाही. पुन्हा घेतलं, तर या वेळी कोण ओ देईल, कोण जाणे.