होडी आतून घासायची होती

मोबाईल ठेवा बाजूला. आणि मध्येच खिदळलात तर मी उठून जाईन, आधीच सांगतो. हे काही ऐकीव नाही. माझ्या शाळेतल्या दोस्ताच्या बाबतीत घडलंय.

सुस्त्या म्हणायचो त्याला आम्ही. मनाने चांगला, पण आळस असा की विचारू नका. त्याच्या वडिलांची, अण्णांची, जुनी लाकडी होडी होती, आत झोपण्यापुरती खोली असलेली. अण्णा आठ महिने अंथरुणाला खिळलेले. कूस बदलायलाही माणूस लागायचा. पण तोंडात एकच टुमणं, "होडी आतून धू, खरवड, नीट घास. नाहीतर रंग धरत नाही." सुस्त्या रोज किल्ली घेऊन जायचा आणि होडीत मस्त ताणून द्यायचा. त्या शनिवारी अण्णांनी विचारलं, "झालं का रे घासून?"

"झालं की अण्णा! एकदम गुळगुळीत."

म्हातारा हरखला. "मग उद्या मला खुर्चीत घालून ने. बघतो तरी."

आता आली का पंचाईत! मेल्याहून मेल्यासारखं झालं सुस्त्याला. पण खरं बोलायची हिंमत कुठून आणणार? त्याने ठरवलं, रातोरात जुन्यावरच रंग फासायचा. सकाळी म्हणायचं, राहवलं नाही, मारला एक हात.

मार्चमधला शेवटचा शनिवार, रात्रीचे साडेदहा. होडी किनाऱ्यावर टेकू लावून उभी. सुस्त्या आत उतरला, बॅटरी बाकावर ठेवली, डब्याचं झाकण उचकटलं. भिंतीवर जुन्या हिरव्या रंगाचे पापुद्रे लोंबत होते. त्याने ब्रश बुडवला...

खर्र... खर्र...

पुढच्या टोकाकडून. जिथे वाकून शिरावं लागतं, तिथून. उंदीर असेल म्हणून त्याने बाकावर थाप मारली. आवाज थांबला नाही. सावकाश चालला होता. कुणीतरी खरवडत होतं.

मग खोकला. दोनदा.

तो खोकला त्याने जन्मभर ऐकला होता.

"अण्णा...?"

खर्र...

त्याने बॅटरी उचलली. उजेड पुढे टाकला. कुणी नाही. फक्त हातभर फळी... रंग निघालेली. स्वच्छ. आणि धूळ. अजून खाली बसत होती...

ब्रश तिथेच टाकून तो पळत सुटला. वाटेतच आईचा फोन. "अरे, कुठे आहेस? अण्णा..."

घरी दार सताड उघडं. आई पलंगापाशी बसलेली. "झोपेतच गेले रे. मी उशाशीच होते, जराही हलले नाहीत. डोळा लागायच्या आधी म्हणाले, पोराने होडी चकाचक केली हं."

सुस्त्याला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. त्याने अण्णांचा हात हातात घेतला...

नखांत हिरवे पापुद्रे. बोटांना लाकडाची पूड.

आईनेही पाहिलं. मग तिने सुस्त्याचा हात उलटा करून दिव्याखाली धरला.

त्याची नखं स्वच्छ होती.