गाळलेली सात मिनिटं

मी त्याचा उजवा डोळा तपासत होते, तेव्हा मला अजिबात कल्पना नव्हती की माझ्या अब्रूचं खोबरं करणारा माणूस तो हाच!

मंगळवारची दुपार होती. बाहेर पाऊस नुसताच भुरभुरत होता, त्यामुळे चष्म्याच्या आमच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताई बाहेर काउंटरवर फ्रेमा पुसत होती आणि आत तपासणीच्या खोलीत मी आणि तो. डावा डोळा झाकलेला, नाकावर ती तपासायची जड गोल फ्रेम... या अवतारात कुठलाच पुरुष देखणा दिसत नाही. हा दिसत होता. आत्ताच सांगून टाकते, उगाच शेवटपर्यंत ताणण्यात अर्थ नाही.

“हे स्पष्ट दिसतंय... की हे?” मी भिंग बदललं.

“दोन्ही छान आहेत.”

“छान कोणतं ते नाही विचारलं. स्पष्ट कोणतं?”

“दुसरं. पहिल्यात तुम्ही जरा धूसर दिसता.”

“माझ्याकडे नाही, तक्त्याकडे बघा.”

त्याने निमूटपणे तक्त्याकडे बघितलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू मात्र तसंच. डोळे लाल झाले होते, म्हणून मी नेहमीचा प्रश्न विचारला, “काम काय करता? फार वाचन वगैरे?”

“चौकातल्या थिएटरात ऑपरेटर आहे. सिनेमे लावतो. पण डोळे त्याने नाही बिघडले. मोबाईलवर एक ब्लॉग वाचतो. ‘मधली रांग’ नावाचा. आठ दिवस त्याच्याखालच्या कमेंटी वाचतोय... रोज वाढतायत.”

माझ्या हातातलं भिंग हातातच राहिलं.

‘मधली रांग’ माझा ब्लॉग. सहा वर्षं लिहितेय. सिनेमे, गाणी, मला काय आवडलं, काय डोक्यात गेलं... कुणी लिही म्हणून सांगितलेलं नाही, तरी लिहिते, आणि ठासून लिहिते. ‘कदाचित’ आणि ‘बहुधा’ हे शब्द माझ्या ब्लॉगवर सापडणार नाहीत. त्याच ब्लॉगवर आठ दिवसांपूर्वी मी एका नव्या सिनेमाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. नायिकेला परगावी नोकरी लागल्याचं पत्र येतं आणि ती सरळ स्टेशनवर जाते, एकदाही मागे वळून बघत नाही. मधे गाणं नाही, रडारड नाही. ‘दिग्दर्शकाच्या हिमतीला सलाम!’ असं मी लिहिलं होतं.

आणि मग धो धो कमेंटी. ‘बाई, तिथे सात मिनिटांचं गाणं आहे!’ ‘त्यात ती चार वेळा मागे वळते!’ ‘सिनेमा बघितलात की बाहेरून पोस्टर?’ सहा वर्षं जमवलेला वाचक आठ दिवसांत माझ्यावर हसायला लागला होता. मला तर स्वतःचाच संशय यायला लागला होता... मी थिएटरात झोपले होते की काय?

“काय झालं त्या ब्लॉगचं?” मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

“वाटोळं केलं मी त्या बाईंचं. ते गाणं मी गाळलं होतं. एक बटण दाबलं की सिनेमा हवा तिथे पुढे जातो. शनिवार-रविवार दाबलं. नेमक्या रविवारी त्या येऊन बसल्या असणार. बिचाऱ्या! पन्नाशीच्या तरी असतील... भाषा फार करारी आहे हो त्यांची.”

“सत्तावीस,” मी म्हटलं.

“काय सत्तावीस?”

“माझं वय!”

तो ताडकन उठला. एक डोळा झाकलेला, नाकावर फ्रेम, आणि हात जोडलेले. मला हसू यायला हवं होतं, पण मी इतकी भडकले होते की बाहेरून ताई धावत आली.

“आठ दिवस लोक मला सोलून काढतायत आणि तुम्ही वाचत बसलात?”

“दहा वेळा लिहायला घेतलं. पण आमचे मालक... आधीच्या ऑपरेटरला त्यांनी नुसता आवाज कमी ठेवला म्हणून काढलं होतं.”

“मग गाळलं कशाला?”

“तुम्हीच लिहिलं होतंत! गेल्या महिन्यात. ‘सात मिनिटांचं गाणं म्हणजे चांगल्या सिनेमाच्या पायातला धोंडा. माझ्या हातात असतं तर एकूणएक गाणी गाळली असती.’” त्याने नाकावरची फ्रेम सावरली. “माझ्या हातात होतं.”

ताईने तोंडावर फडकं धरलं. ती हसत होती. सख्खी बहीण!

“अहो, माणूस लिहिताना लिहितो काहीतरी!” मी म्हटलं.

“मी तुमचं प्रत्येक वाक्य खरं मानतो,” तो म्हणाला. इतक्या सरळपणे म्हणाला की मी हातातलं भिंग खाली ठेवलं.

“मला ते गाणं दाखवा,” मी म्हटलं. “पूर्ण.”

“गुरुवारी सकाळी दहाला या. पहिल्या शोच्या आधी मी मशीन तपासतो. आणि... माझ्या चष्म्याचं काय?”

“नंबर नाही तुम्हाला. नुसतं कमेंटी वाचणं बंद करा.”

गुरुवारी मी पोचले तेव्हा अख्खं थिएटर रिकामं होतं. नेहमीच्या सवयीने मधल्या रांगेत बसले. दिवे गेले आणि गाणं सुरू झालं.

नायिका पत्र घेऊन त्याच्या घराकडे निघते. दारापर्यंत जाते, हात उचलते... आणि परत फिरते. कोपऱ्यापर्यंत गेली की पुन्हा वळते. असं चार वेळा. मागे एक थकलेला, जाड आवाज गात राहतो, मधूनच थांबतो, जणू त्यालाही पुढचं सांगवत नाही. चौथ्या वेळी ती दारावर नुसता तळहात ठेवते. बस्स. मग स्टेशन. तिच्या न बघण्यात मला हिंमत दिसली होती. तिच्यात आता बघायची ताकदच उरली नव्हती, हे मला त्या सात मिनिटांनी सांगितलं. दिवे लागले तेव्हा माझा रुमाल भिजला होता.

तो खाली आला आणि मधे एक खुर्ची सोडून बसला.

“कसं वाटलं?”

“फार सुंदर आहे. मी साफ चुकले होते.”

“मलाही आवडलं होतं,” तो हळूच म्हणाला. “शुक्रवारी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच. पण तुमचं ते वाक्य आठवलं. म्हटलं, आपल्याला काय कळतंय...”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं मी मोठ्या आवाजात बोलत होते, आणि त्या आवाजापुढे एका माणसाने स्वतःचं आवडणं गिळून टाकलं होतं. गाणं त्याने गाळलं खरं, पण त्याचा हात मी हलवला होता.

“तुम्ही खरं काय ते लिहून टाका,” तो म्हणाला. “ऑपरेटरने गाळलं म्हणून लिहा. तुमचं नाव स्वच्छ होईल.”

“आणि तुमची नोकरी?”

“जाईल. मग तुमच्या दुकानात भिंगं पुसायला येईन.”

“जागा नाही.”

“तुमच्यासमोर खुर्ची आहे की एक. तपासणीची.”

“ती पेशंटसाठी असते.”

“मला बराच त्रास होतोय,” तो गंभीर चेहरा करून म्हणाला. “मंगळवारपासून.”

मी पटकन उठले. उत्तर द्यायला गेले असते तर हसले असते. घरी जाऊन मात्र मी लिहिलं, ‘त्या सिनेमाबद्दल मी चुकीचं लिहिलं. मी तो पूर्ण पाहिला नव्हता. चूक माझी. माफ करा.’ एवढंच. ऑपरेटरचं नावनिशाण नाही.

ताईने वाचलं आणि माझ्या कपाळाला हात लावला. “माफी? तू? ताप तर नाही! अगं, तुझी चूक नव्हती ना? लोक आता जास्तच हसतील.”

“हसू देत.”

“तो आवडलाय तुला.”

“हो.”

मी इतकं सरळ सांगितलं की तिचीच पंचाईत झाली. तिला निदान अर्धा तास चिडवायचं होतं.

शुक्रवारी सकाळी ब्लॉग उघडला तर माझ्या माफीखाली पहिलीच कमेंट. ‘मी चौकातल्या थिएटरचा ऑपरेटर. यांनी सिनेमा पूर्ण पाहिला होता. गाणं मी गाळलं होतं. शनिवार-रविवारी आलेल्या सगळ्यांची फसवणूक झाली, ती माझ्यामुळे. हे मी आधी मालकांना सांगितलं आणि मग इथे लिहिलं. यांना काही बोलू नका.’

मी ताबडतोब थिएटरात फोन लावला.

“तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? मी सगळं अंगावर घेतलं होतं ना!”

“म्हणूनच,” तो म्हणाला. “तुम्ही खोटं लिहिलंत. माझ्यासाठी. ते मला बघवेना.”

“आणि मालक?”

“रविवारपर्यंत ठेवलंय. रविवारी सकाळी अकराला ज्यांचं गाणं बुडलं त्यांना फुकट दाखवायचं, मी पडद्यासमोर उभं राहून माफी मागायची, आणि मग चालू पडायचं.”

माझं नाव स्वच्छ झालं होतं. शेकडो लोक सॉरी म्हणत होते. आणि मला त्यातलं काहीही नको होतं.

रविवारी थिएटर तुडुंब भरलं. ज्यांचं गाणं बुडलं नव्हतं तेही आले होते. सात मिनिटांसाठी! पुढच्या रांगेत मालक बसले होते, हाताची घडी घालून, चेहऱ्यावर बारा वाजलेले. तो माइक घेऊन पडद्यासमोर आला आणि मला धडकी भरली. आता हा सगळ्यांसमोर माझ्याबद्दल काहीतरी बोलणार... नेमकं सिनेमातल्यासारखं! गर्दीसमोर प्रेम जाहीर करणाऱ्या नायकांना मी ब्लॉगवर कितीदा झोडपलं होतं.

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तुमचं गाणं मी काढून घेतलं होतं,” तो म्हणाला. “मला कुणी सांगितलं नव्हतं. चूक माझी एकट्याची. आज परत करतोय.”

माइक ठेवला आणि जिन्याकडे गेला. त्याने सगळं वाचलं होतं माझं. मला काय आवडत नाही, हेही. मी उठले. “बसा हो खाली!” म्हणून मागून कुणीतरी ओरडलं, पण मी बसले नाही. जिना चढून ‘प्रवेश बंद’ लिहिलेलं दार ढकललं.

आत मशीनची घरघर, एक स्टूल, भिंतीवर फोन, आणि काचेला डोळा लावून तो. गाणं सुरू झालं होतं.

“इथे यायला बंदी आहे,” तो वळून म्हणाला.

“कुणाची? तुझी तर नोकरी गेली.”

‘तुझी’ ऐकून तो जरा गडबडला.

“माझ्यासाठी घालवलीस ना?”

“हो.”

“वेडा आहेस. ऐक, मला घुमवून बोलता येत नाही. तू मला आवडतोस. तुझ्यावर प्रेम आहे माझं. आणि यात ‘कदाचित’ नाही.”

मशीनच्या उजेडात त्याचे कान लाल झालेले दिसत होते.

“आता तू बोलायचं असतं,” मी म्हटलं.

“मी... सहा वर्षांपासून वाचतोय तुला,” तो कसाबसा म्हणाला. “पन्नाशीची समजत होतो, तरीसुद्धा आवडायचीस. आता तर काय... सुटकाच नाही माझी.”

मी त्याचा हात धरला. गरम होता. माझाही. काचेपलीकडे नायिकेने दारावर तळहात ठेवला आणि गाणं संपलं. मग खालून एकच गलका उठला, “वन्स मोअर! वन्स मोअर!”

भिंतीवरचा फोन खणखणला. त्याने दुसऱ्या हाताने उचलला. मालकांचा आवाज माझ्यापर्यंत आला.

“अरे, कानात बोळे घातलेस का? लोक खुर्च्या मोडतील! परत लाव! आणि उद्या बाराच्या शोला वेळेवर ये, तुझं काय करायचं ते नंतर बघू!”

फोन तसाच कानाला लावून तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू.

“हात सोड,” तो म्हणाला. “बटण दाबायचंय.”

“फोन ठेव,” मी म्हटलं, “आणि त्या हाताने दाब.”