घर क्रमांक चौदामधली गर्दी

नगरपरिषदेच्या नियोजन समितीत पूर्वी एकेका अर्जावर दोन-दोन तास भांडणे चालायची. 'वहिवाट' आल्यापासून चहा निवायच्या आत निकाल लागू लागला. 'वहिवाट' ही खिशातल्या फोनांवरून माणसांची ये-जा मोजणारी संगणक-प्रणाली. कुठल्या जागेत किती जण, किती वेळ, किती उकाड्यात असतात हे ती पाहायची आणि जागेचा वापर बदलला तर पुढच्या वीस वर्षांत काय होईल, ते सांगून मोकळी व्हायची. तिचा शब्द समितीत कुणी खाली पडू देत नसे.

नगररचनाकार शालिनी वाघाडे यांनी त्या सकाळी पाचवा अर्ज उघडला. टेकडी वस्तीतल्या बायकांना वाहनतळासाठी राखून ठेवलेला भूखंड हवा होता. तिथे त्या गारघर बांधणार होत्या. जाड मातीच्या भिंती, दुहेरी छप्पर, आत साठ-सत्तर जण दुपारभर बसू शकतील एवढी जागा. पारा अठ्ठेचाळीसच्या खाली उतरायचे नाव घेत नव्हता. विटा पाडण्यापासून सगळे काम त्या स्वतः करणार होत्या, हवी होती फक्त परवानगी.

पडद्यावर निकाल उमटला : 'गरज नाही. घर क्रमांक चौदामध्ये रोज दुपारी बारा ते चार एकसष्ट माणसे थंड जागेत असतात. सोय आधीच आहे.'

"झालं तर मग. पुढचा घ्या," सभापती भोंगाडे म्हणाले.

दारापाशी उभ्या असलेल्या सोनाबाई कुमरे पुढे आल्या. अर्जावर पहिली सही त्यांचीच होती.

"चौदा नंबर माझंच घर हाय, मॅडम. दहा बाय दहाची खोली. एकसष्ट माणसं मावतील काय त्याच्यात?"

"मग मशीन काय खोटं बोलते, बाई?" भोंगाडे हसले.

"मशीनचं मले काय मालूम, साहेब? तुमी येऊन पाहा ना!"

भोंगाड्यांना उन्हात जायची हौस नव्हती. खरे सांगायचे तर शालिनीताईंनाही नव्हती. पण दहा बाय दहात एकसष्ट माणसे हा हिशेब काही त्यांच्या गळी उतरेना. दुपारी एक वाजता त्या वस्तीत पोचल्या.

चौदा नंबरच्या दारावर ओले गोणपाट टांगले होते. आत जुना कूलर खडखडत होता आणि त्याच्यासमोर, खाटेवर आणि जमिनीवर, फडक्यांवर ओळीने फोन मांडले होते. शालिनीताईंनी बोट फिरवत मोजले. एकसष्ट. माणूस एकही नाही.

"अहो, हे काय?"

"तापले का फुगतात, मॅडम. न मग बंद पडतात. कामाचा निरोप फोनवरच येते. फोन मेला का आठ दिवस बसा घरी. वस्तीत कूलर एकच, म्हणून समद्यांचे इथंच ठेवतो."

"आणि तुम्ही कुठं बसता?"

सोनाबाईंनी मागचे दार उघडले. कडुलिंबाच्या विरळ सावलीत, डोक्यावर ओली फडकी घेऊन बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. एक म्हातारी सुपाने तान्ह्या नातवाला वारा घालत होती.

"निदान लेकरांना तरी आत बसवा!"

"बसवून पाह्यलं ना. पाच-सहा जण बसले का खोली तापते. माणूस सहन करते, मॅडम. फोन नाही करत."

 शालिनीताईंना राग आला, मशीनचा नव्हे, स्वतःचाच. ऑफिसपासून ही वस्ती दहा मिनिटांवर होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'वहिवाटी'च्या निकालाखाली स्वतःच्या हाताने लिहिले : 'घर क्रमांक चौदामध्ये माणसे नाहीत, फोन आहेत. मी पाहिले.'

"वरून विचारणा होईल हो," भोंगाडे कुरकुरले.

"होऊ द्या. मी उत्तर देईन."

भोंगाड्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि सही केली. भूखंड गारघराला मिळाला. सोनाबाई हात जोडून, डोळे पुसत गेल्या.

शालिनीताई मात्र जागेवरून उठल्या नाहीत. त्यांनी 'वहिवाटी'ला विचारले, 'सोय आधीच आहे' म्हणून आजवर किती अर्ज फेटाळले? पडद्यावर अकरा नोंदी आल्या. अकराही ठिकाणी खाली त्यांचीच सही होती.

पहिली नोंद विणकर वस्तीची, दोन वर्षांपूर्वीची : 'घर क्रमांक चाळीस. रोज दुपारी त्र्याण्णव माणसे थंड जागेत.'

त्या उन्हाळ्यात रोज दुपारी ती माणसे खरोखर कुठे बसत होती? आणि दोन उन्हाळ्यांनंतर आज त्यांतली किती उरली असतील?