पिवळ्या पट्ट्याच्या आत

हॉटेलात कुणी भाजलं, कापलं, घसरून पडलं की सरकारकडून चौकशीला एक बाई यायच्या. त्यांना दारात बघितलं की भलेभले मालक गल्ला सोडून उठून उभे राहायचे. बाईंना मात्र कुणावर डोळे वटारायची हौस नव्हती. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस उगाच भाजत नाही. कुठे फरशीवर तेल सांडलेलं असतं, कुठे कढईचा कान ढिला असतो, कुठे दिवा गेलेला असतो आणि बदलायचं काम उद्यावर ढकललेलं असतं. ते कारण शोधायचं, काढून टाकायचं, की पुढचा माणूस वाचला. घरीसुद्धा तव्याचा दांडा ओट्याबाहेर डोकावला तर बाई हातातलं काम टाकून तो आत वळवायच्या. "आमच्याकडे चहासुद्धा हेल्मेट घालून करावा लागतो," असं त्यांचे यजमान येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

तर अशा या बाई एका दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, एका हॉटेलच्या भटारखान्यात शिरल्या. जागा बोळासारखी लांबट होती. एका भिंतीला शेगड्या, दुसऱ्या भिंतीला भाज्या चिरायचं लांबलचक टेबल, आणि मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. टोकाला भांडी घासायची मोरी आणि मागचं दार. असल्या अरुंद जागेत काम करणाऱ्यांची एक रीत असते. गरम भांडं घेऊन निघालेला माणूस हाक देतो, "मागे गरम." ती कानावर पडली की वळून बघायचं नाही. पोट टेबलाला चिकटवायचं आणि भांडं पाठीमागून निघून जाऊ द्यायचं. वळून बघायला गेलात तर कोपर लागलंच म्हणून समजा.

भाजला होता तो मुख्य आचाऱ्याचा भाऊ. आचाऱ्याला सगळे वस्ताद म्हणायचे आणि भावाला धाकटा. धाकटा टेबलापाशी कांदा चिरत होता. एकाएकी ओरडला आणि पालथा पडला. मानेपासून कंबरेपर्यंत सगळी पाठ फोडांनी भरली होती. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, उकळतं पाणी पडलंय, आणि चांगलं टोपभर पडलंय.

आता यात अडचण अशी, की त्याचा शर्ट कोरडा होता. फरशीही कोरडी होती. शेगड्या केव्हाच विझवलेल्या, आणि एकूण एक टोप घासून पालथे घातलेले.

बाईंनी वाट मापली, नळ तपासले, स्टुलावर चढून छत बघितलं. मालक मागे मागे फिरत म्हणत होते, वरच्या पाइपातून वाफ आली असेल, तसं लिहून टाका आणि मोकळ्या व्हा. बाईंनी शांतपणे विचारलं, कुठला पाइप? वर पाइप नव्हताच. इतरांनाही विचारून झालं, पण हाती काही लागलं नाही. शेवटी मोरीवरची मावशी हात पुसत जवळ आली आणि हळू आवाजात बोलली. दुपारचं काम आवरलं, की इथे एक हाक येते. "मागे गरम." आवाज पुरुषाचा, थकलेला, ओढल्यासारखा. कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही, ती कामाला लागली तेव्हाही येतच होता. हाक आली की सगळे सरकतात, काहीतरी पाठीमागून निघून जातं, मग आपलं काम चालू. रोजचंच आहे, बाई, मावशी म्हणाली, जसं काही पाणी कधी येतं ते सांगावं.

बाईंचा यावर काडीइतका विश्वास बसला नाही. पण चौकशी म्हणजे चौकशी. त्या दवाखान्यात गेल्या. धाकटा पालथा पडून होता आणि वहिनी त्याला चमच्याने पेज भरवत होती. पोरगा खरं तर थट्टेखोर, पण तेव्हा त्याच्या आवाजात काही उरलं नव्हतं.

"हाक ऐकली मी," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "पण म्हटलं, रोज काय घाबरायचं… बघू तरी, नाही सरकलो तर काय होतं. म्हणून नाही सरकलो."

बाहेर व्हरांड्यात वस्ताद भिंतीला टेकून उभा होता. आईबाप गेल्यावर त्याने या भावाला कडेवर घेऊन चुलींपुढे वाढवलेला. दुसरीकडे जाऊ म्हटलं तर धाकटा ऐकायला तयार नव्हता, बरा झालो की माझ्याच टेबलापाशी उभा राहणार, असं धरून बसला होता. वस्ताद काही रागावला नाही, की रडलाही नाही.

"बाई, मला कारण नको, काही नको. तुम्ही या कामातल्या माणूस. एवढंच सांगा, त्याला परत तिथे उभा करू की नको?"

बाई म्हणाल्या, बघून सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. सगळे आपापल्या जागी, तोंडं भिंतीकडे. पंखे बंद केलेले. मोरीतल्या नळाचा थेंब तेवढा वाजत होता. मग हाडं फार वेळ उकळल्यावर येतो तसा एक जडसर वास आला. आणि पाठीमागून, अगदी कानाजवळून नव्हे पण लांबूनही नव्हे, आवाज आला… "मागे गरम…"

बाईंचं पोट आपोआप टेबलाला चिकटलं. मानेवर धग आली. पाय घासत, जड ओझ्याखाली वाकून कुणीतरी पाठीमागून गेलं आणि मागच्या दाराशी आवाज विरला. दार बंदच होतं. बाईंच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्यांनी चष्मा काढला, पदराने नीट पुसला आणि परत घातला.

दुसरं कुणी असतं तर नोकरी सोडून घरी बसलं असतं. बाईंनी रात्रभर विचार केला तो आपल्या धंद्याच्या रीतीने. धोका काढून टाकता येतो का? येत नाही. मग माणसाला त्याच्यापासून लांब ठेवायचं. सुरी काढून टाकता येत नाही म्हणून आपण तिला म्यान करतोच की. धाकटा भाजला कारण तो वाटेत होता, आणि वाटेत होता कारण वाटच अरुंद होती. एवढं एकदा मनाशी ठरलं, तसं त्यांना बरं वाटलं. भूत असो नाहीतर मोडकी शेगडी, उपाय एकाच जातीचा.

लांब टेबल तिथून हलवून पुढच्या खोलीत नेलं. शेगड्यांच्या पुढ्यात कठडा आला. मोरीपासच्या भिंतीला लागून उभं राहायला जागा ठेवली, आणि मधल्या सगळ्या वाटेच्या दोन्ही कडांना पिवळा पट्टा रंगवला. दुपारची हाक आली की पट्ट्याच्या आत कुणीही असता कामा नये. मालकांनी कुरकुर केली, पण केलं. अहवालात बाईंनी अपुऱ्या रुंदीची वाट असं लिहिलं, आणि त्यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं.

मग वस्तादाला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. उभा करा त्याला, काही होणार नाही. वस्तादाने दोन्ही हात जोडले. बाईंना फार संकोच वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला.

पुढे सगळं सुरळीत चाललं. धाकटा पाठीवर व्रण घेऊन, पण हसत कामाला लागला. त्याचं लग्न ठरलं. वहिनीने बाईंना निरोप धाडला की तुमच्यामुळे घरात कार्य निघतंय, यायलाच हवं. बाई फेरतपासणीला म्हणून एका दुपारी सहज डोकावल्या, तर पट्टा लखलखीत, फरशी कोरडी, कुणी धांदलीत नाही. धाकट्याने त्यांना स्टूल दिलं, लग्नाच्या तयारीतल्या गमती सांगितल्या. बाईंनी त्याला हळद उतरेपर्यंत चुलीपासून लांब राहा म्हणून दम भरला. वस्ताद पलीकडच्या टोकाला कठड्याआड पाठमोरा उभा राहून संध्याकाळसाठी कसली तरी फोडणी करत होता.

तेवढ्यात तो जडसर वास आला. कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. मावशीने नळ बंद केला. धाकटा बाईंचा हात धरून त्यांना भिंतीशी घेऊन गेला आणि स्वतः त्यांच्याशेजारी उभा राहिला. दोघेही पट्ट्याच्या चांगले बाहेर होते. बाईंनी खाली बघून खात्रीही केली.

"मागे गरम."

आवाज थकलेला नव्हता. ओढल्यासारखाही नव्हता. तरणाताठा होता, आणि शेवटच्या अक्षरावर किंचित हसल्यासारखा. बाईंनी मान वळवली. शेजारी धाकटा उभा होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि चेहऱ्यावरचा सगळा रंग उडाला होता. आवाज त्याचा होता.

या हाकेला आजवर कुणी ओ दिलेली नव्हती. ओ देणं म्हणजे त्याला बोलावणं, म्हणून द्यायची नसते, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं. पण वस्तादाला वास लागला नसावा, फोडणीत बुडाला असावा. लहानपणापासून ऐकलेला आवाज पाठीमागून आला, तसा तो मागे न बघता, नेहमीच्या मायेने बोलून गेला.

"ये रे बाळा, ये. वाट मोकळी आहे."

पाय घासल्याचा आवाज थांबला. मग वळला. आता तो दाराकडे जात नव्हता. वस्तादाच्या दिशेनेही जात नव्हता. तो भिंतीकडे, धाकट्याच्या दिशेने येत होता.

धाकट्याची बोटं बाईंच्या मनगटात रुतली.

"बाई…" तो कुजबुजला, "दादाने मलाच बोलावलं ना?"

आणि त्याने एक पाऊल पट्ट्याच्या आत टाकलं.