कॉलरवरचा मळ

ताई जुना कपडा आधी हुंगायची, मग बघायची. लष्करी गणवेश जमवणारे शौकीन पाठीमागे तिला ‘नाकवाल्या बाई’ म्हणत आणि तोंडावर तिचा शब्द झेलत. नकली कोट विकणारे चहाचे डाग पाडतात, कोपरं वाळूनं घासतात. पण काखेतला घाम त्यांना साधत नाही. माणूस म्हटला की घाम आला, मळ आला. देवानं देह दिला तो काही इस्त्री करून नाही दिला. ताईला त्याची किळस कधी वाटली नव्हती. कुठल्या तरी मुलखात कधीच मातीला मिळालेल्या पोराच्या कोटात नाक खुपसून ती मायेनं म्हणायची, “खरा आहे. फार चालला बिचारा.”

त्या सोमवारी धाकट्या भावानं मागच्या खोलीतल्या टेबलावर एक निळा लोकरी कोट आणून पसरला. आईवडील गेल्यापासून दुकान तो बघायचा, पारख करून खरेपणाचा दाखला ती लिहून द्यायची.

“डॉक्टरसाहेबांना शब्द दिलाय, ताई. गुरुवारी येतील आणि आधी अंगात घालून बघतील. आरशासमोर मिशीला पीळ दिल्याशिवाय त्यांचा व्यवहार होत नाही, माहितेय ना तुला?”

“पोटावर बटण लागेल का त्यांच्या?”

“श्वास धरतील की.”

ताई हसत काखेशी वाकली आणि हसू तिथंच विरलं.

एवढा जुना घाम वाळून कडक होतो, त्याला गंजल्यासारखा वास येतो. हा वास ओला होता. आत्ताच जिना चढून आलेल्या माणसाला येतो तसा, आंबूस, कोमट.

“तू घातला होतास?”

“मी? माझा दंड तरी शिरेल का त्यात?”

ते खरंच होतं. तिनं भिंगाखाली वीण पाहिली, टाके पाहिले, पितळी बटणांच्या पाठी पाहिल्या. कुठंच खोट नव्हती. राहिली ती कॉलर. तिच्यावर मळाचा पिवळट थर होता. असा मळ लाळेनं निघतो तसा कुठल्याच औषधानं निघत नाही. काडीला कापसाचा बोळा गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, हलक्या हातानं फिरवायचा आणि बाजूच्या बशीत टाकायचा. प्रत्येक वेळी नवा बोळा, हे तिच्या हाताला इतकं सवयीचं की तिकडे बघावंही लागत नसे.

डावं टोक निळं झालं. ती उजवीकडं वळली. परत पाहिलं तर डावं टोक पुन्हा पिवळं होतं. तिच्या डोळ्यांसमोर मळ कापडातून वर येत होता, कपाळावर घाम यावा तसा. त्याच्याकडं बघता बघता हातानं चुकीची काडी उचलली. वापरलेला बोळा तिनं जिभेवर टेकवला.

खारट, तुपट, आणि मागून तंबाखू. दुसऱ्याच्या तोंडातली लाळ आपल्या तोंडात आल्यासारखं वाटलं. बेसिनवर ती आतडं पिळवटेस्तोवर ओकली. चुळा भरून गाल दुखले, पण तो तेलकट थर टाळूवरून हलेना. घरी नवऱ्यानं विचारलं, “जेवत का नाहीस?” घास तोंडात फिरत होता.

मंगळवारी कॉलर काळपट झाली होती. तिला आखूड पांढरे केस चिकटले होते, मुळांसकट. ताईनं कोट काचेच्या कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली.

बुधवारी काचेवर वाफ धरली होती. तिनं फडक्यानं पुसली, ती जाईना. वाफ आतून होती. कपाट उघडून तिनं काखेच्या अस्तराला बोट लावलं. अस्तर बोटाला चिकटलं आणि सुटताना ताणलं गेलं, तापलेल्या माणसाच्या कातडीसारखं.

“मी लिहून देणार नाही,” गुरुवारी तिनं कपाट उघडून कोट दाखवत भावाला सांगितलं.

“म्हणजे खोटा आहे?”

“खोटा असता तर बरं झालं असतं रे. हा कुणाच्याच अंगावर जाऊ देऊ नकोस. एवढं माझं ऐक.”

“आणि डॉक्टरांना काय सांगू? कोटाला घाम येतो? उद्यापासून दुकानात चिटपाखरू फिरकायचं नाही. अगं, खोलीला ओल आहे, बाकी काही नाही.”

“तिथंच राहू दे तो. हात लावू नकोस.”

“थांब, तुझी भीतीच मोडतो एकदाची.”

त्यानं कोट कपाटातून ओढला आणि बाहीत हात घातला.

न शिरणारा दंड सरसर आत गेला. आतून कुणी ओढून घ्यावा तसा.

त्यानं बटणं लावली. सगळी लागली.

ताईनं कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि कोट ओरबाडून काढला. तो तिच्या हातात ओलाचिंब, जड आणि गरम होता. तिनं तो कोपऱ्यात भिरकावला. बोटांना पिवळा ओशटपणा लागला होता.

“झालं समाधान?” भाऊ हसत होता. “काय झालं मला?”

त्याचा सदरा कोरडा होता. कपाळ कोरडं होतं. मानेवर मात्र कॉलरची पिवळी रेघ उठली होती.

“वाक जरा,” ती म्हणाली. लहानपणी शाळेत जाताना ती त्याचं तोंड पुसून द्यायची. तसाच तो निमूट वाकला.

तिनं नवा कापूस नळाखाली भिजवला आणि मानेवरून फिरवला. रेघ निघाली नाही. पाण्याचा एक थेंब कातडीवर गोल उभा राहिला.

मग तो हळूहळू आत शिरला. लोकरीत शिरतो तसा.

तिनं जोरानं घासलं. अजून जोरानं.

“पुस ना, ताई,” खाली मान घातलेला भाऊ म्हणाला. “किती वेळ उभा राहू असा?”